गप्प बसवलेली चाचणी

४ फेब्रुवारी

ती. मामा,

‘ती.’ लिहिलंय, नीट बघून घे. मागच्या वेळी विसरले तर तू माझं पत्र लाल पेनाने तपासून परत पाठवलं होतंस. जन्मभर बॉयलरशेजारी उभं राहून तुझे कान गेले आणि फोनवर तुला ऐकू येत नाही, हे सगळं मान्य. पण तुला मुळात पत्रंच आवडतात हे मला आईने कधीच सांगून ठेवलं होतं.

बातमी अशी की टेस्टिंगच्या अख्ख्या टीमची प्रमुख आता मी आहे. लहानपणी प्रत्येक गोष्टीत शंका काढायचे म्हणून तू मला शंकासुर म्हणायचास ना? इथे तेच करायचे पैसे मिळतात. प्रोग्रामर लिहितात, आणि ते मोडेल कसं हे बघणं आमचं काम. मोडलं की ते आमच्यावर रागावतात आणि नाही मोडलं की आम्ही स्वतःवर.

सध्या काम आहे डायलिसिसच्या नव्या मशीनचं. मूत्रपिंडं थकलेल्या माणसाचं रक्त बाहेर घ्यायचं, धुवायचं, परत आत सोडायचं, आणि अंगात साठलेलं जादा पाणी काढून टाकायचं. किती पाणी काढायचं तो आकडा सिस्टर भरते. मशीन मोजत मोजत काढतं आणि आकडा गाठला की थांबतं. लोखंड दुसऱ्यांचं, डोकं आमचं.

आमच्याकडे हजारो चाचण्या आपोआप चालतात. सकाळी ऑफिसात शिरलं की भिंतीवरच्या पडद्यावर निकाल तयार असतो. हिरवी म्हणजे पास, लाल म्हणजे नापास. हल्ली सगळं शेत हिरवंगार असतं. एकच चाचणी अधूनमधून लाल होते, पुन्हा चालवली की हिरवी. कारण सापडत नाही. आम्ही तिला ‘लहरी’ म्हणतो. जिने लिहिली ती मुलगी नोकरी सोडून गेली, आणि लहरीला आमच्या गळ्यात बांधून गेली.

आमच्या साहेबांना मागे सगळे ‘कालचसाहेब’ म्हणतात, कारण त्यांना प्रत्येक गोष्ट कालच हवी असते. त्यांना माझी सही हवी आहे. म्हणून तुला विचारते. तू इतके बॉयलर तपासलेस. आता पुरे, आता सही करायला हरकत नाही, हे कसं ठरवायचास?

मामीला विचार, मी फोन केला की नुसतं ‘फिरायला गेलेत’ सांगून फोन का ठेवून देते. सकाळी फिरायला, दुपारीही फिरायला! तुला पाय आहेत की चाकं?

तुझी,
शंकासुर

१३ फेब्रुवारी

शंकासुरे,

अनेक आशीर्वाद. ‘ती.’ पोचलं. ‘मूत्रपिंड’ या शब्दातला ऊकार दीर्घ काढलास हे पाहून बरं वाटलं, तुझी आई ऱ्हस्व काढायची.

माझ्या ओळी उतरणीला लागल्यात तिकडे लक्ष देऊ नकोस. हल्ली डाव्या हाताला दुसरं काम असतं, त्यामुळे कागद धरायला कोणी नसतं.

आता तुझा प्रश्न. बॉयलर तपासायची रीत सोपी. आत गार पाणी भरायचं, रोजच्यापेक्षा दीडपट दाब द्यायचा आणि कुठे पाझरतो का ते बघत बसायचं. पुस्तकात लिहिलेलं सगळं झालं की सही. पण पुरे कधी झालं हे मला कधीच कळलं नाही. घरी येऊन जेवायला बसलो आणि त्या बाजूने भोंगा ऐकू आला की घास हातातच राहायचा. मामी म्हणायची, “सही करून आलात की जीव तिथे टांगून आलात?” तेव्हा माझ्याकडे तयार उत्तर मागू नकोस. असतं तर विकून बंगला बांधला असता.

मात्र त्या लहरीबद्दल एक. माणूस लहरी असतो, सासरे लहरी असतात, लोखंड नसतं. दाबाचा काटा एकदा थरथरला आणि मग दिवसभर गप्प राहिला, तर त्या थरथरण्यापेक्षा ते गप्प राहणंच मला खुपायचं.

ही मशीनं कुठे कुठे जाणार? आमच्या गावातही येणार का? माझे एक स्नेही आहेत, त्यांना सगळे मास्तर म्हणतात. आठवड्यातून तीनदा त्यांना त्या खुर्चीत बसावं लागतं. त्यांना सांगायला बरं, म्हणून विचारलं.

फिरायला डॉक्टरांनी सांगितलंय.

तुझा,
मामा

२५ फेब्रुवारी

ती. मामा,

सही केली.

तुझं पत्र वाचून मी आठवडाभर थांबवून धरली होती, हे आधी सांगते. मग कालचसाहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. ओरडतील असं वाटलं होतं, तर त्यांनी चहा मागवला. म्हणाले, “तुला अजून किती वेळ हवाय?”

मी म्हटलं, “माहीत नाही.”

“वेळ दिला तर सगळं तपासून होईल?”

“सगळं कधीच तपासून होत नाही, साहेब.”

“मग आज थांबलं काय आणि पुढच्या वर्षी थांबलं काय?” त्यांनी एका रुग्णालयाचं पत्र माझ्यापुढे सरकवलं. जुनी मशीनं एकेक करून बंद पडताहेत. माणसं जिन्यात बसून आपला नंबर लागायची वाट बघतात आणि कधी कधी तशीच घरी जातात. “तू तपासत बसतेस तेव्हा ही माणसं जिन्यात असतात. त्यांचीही तुझ्या हिशोबात कुठेतरी नोंद कर.”

मामा, हे खोटं नव्हतं. मशीन सुरू होण्याच्या, थांबण्याच्या, वीज जाण्याच्या, नळी दुमडण्याच्या, सिस्टरने चुकीचा आकडा भरण्याच्या, सगळ्या चाचण्या आमच्याकडे आहेत. या सगळ्या गोष्टी कुठल्याही क्रमाने होऊ शकतात, आणि ते सगळे क्रम तपासायचे तर माझी नातवंडंही पुरणार नाहीत. जिथे धोका जास्त तिथे जास्त बघायचं, बाकीचं सोडून द्यायचं. जगभर असंच करतात.

लहरीला आम्ही यादीतून बाजूला काढलं आहे. म्हणजे पुसली नाही, नुसती गप्प बसवली. रिलीजच्या दिवशी पडदा लाल दिसायला नको, एवढंच. सवडीने बघू.

तुमच्या गावाचं नाव पहिल्या यादीत आहे. मास्तरांना सांग, नवं मशीन आवाज करत नाही. झोप लागेल.

तुझी,
शंकासुर

२२ मार्च

शंकासुरे,

नवी मशीनं आली. भाजीबाजाराच्या मागे, जिना चढून गेलं की केंद्र आहे. सहा खुर्च्या, सहा मशीनं, भिंतीला फिकट हिरवा रंग. जुनी मशीनं म्हणे गिरणीसारखी घरघरायची, मला त्याचं सोयरसुतक नव्हतं. नव्यांचा पडदा मात्र छान आहे. काढलेल्या पाण्याचा आकडा ठळक दिसतो, लांबून वाचता येतो. मास्तर दुसऱ्या खुर्चीत असतात. तिसरीत एक शिंपीणबाई. फार बोलक्या. मास्तरांना बोललेलं कळत नाही, तर सगळं हातवारे करून सांगतात. सुनेची नक्कल करतात तेव्हा तर सिस्टरसुद्धा तोंडाला रुमाल लावते.

परवा जरा गडबड झाली. मास्तरांची सुई हलली म्हणून सिस्टरने मशीन थोडं थांबवलं, सुई नीट बसवत होती, तेवढ्यात दिवे गेले. जनरेटर सुरू झाला, मशीन जागं झालं, पुढे चालू. सगळं व्यवस्थित. पण शेवटच्या तासाला मास्तरांच्या पोटऱ्यांत गोळे आले, घाम फुटला, डोळ्यांपुढे काळोख. पाय वर करून झोपवावं लागलं. नंतर वजन केलं तर असायला हवं त्यापेक्षा बरंच कमी. पडद्यावर आकडा मात्र बरोबर होता.

तंत्रज्ञ म्हणाला, सकाळी कमी खाल्लं असेल. मास्तर म्हणतात, नेहमीइतकंच खाल्लं होतं. मला आपलं वाटलं, तुझ्या कानावर घालावं.

मामा

३० मार्च

ती. मामा,

मास्तरांची तब्येत आता बरी असेल असं धरते.

तू लिहिलंस ते मी इथल्या डॉक्टर सल्लागारांना विचारलं. डायलिसिसमध्ये रक्तदाब उतरणं, गोळे येणं हे नेहमीचं आहे. उन्हाचे दिवस, वय, कमी खाणं, काहीही कारण असू शकतं. वीज गेली तर मशीन काय करतं हे आम्ही शेकडो वेळा तपासलंय. मशीन मध्येच थांबवलं तर काय होतं, तेही. दोन्ही हिरवं आहे. मी स्वतः पुन्हा चालवून पाहिलं.

मामा, रागावू नकोस, पण तू निवृत्त झालास. मास्तरांबरोबर जाऊन बसतोस हे फार चांगलं करतोस, पण तिथे बसून माझं मशीन तपासू नकोस. साठ-सत्तर केंद्रांत ही मशीनं रोज चालतात, आणि एकही तक्रार आलेली नाही. सोबतीला गेलास तर गप्पा मार. शिंपीणबाईंकडून सुनेच्या नकला शिकून घे, मामीला करून दाखव.

घाईत लिहिते आहे. पुढच्या आवृत्तीचं काम सुरू झालंय.

तुझी,
शंकासुर

१० एप्रिल

शंकासुरे,

लिहिणार नव्हतो. मामी म्हणाली लिहा, म्हणून लिहितोय.

शिंपीणबाईंचं तसंच झालं. त्यांना खोकल्याची उबळ आली म्हणून मशीन थांबवलं होतं. दिवे गेले, आले. तासाभराने त्या हातवारे करता करता एकदम गप्प झाल्या, मान कलली. उचलून खालच्या वॉर्डात नेलं. शुद्धीवर आल्या, पण अजून तिथेच आहेत. पन्नाशीच्या बाई, अंगाने एवढ्याशा.

मला जनरेटरचा संशय होता. तंत्रज्ञाच्या मागे लागून त्याच्या विजेचा दाब तपासायला लावला. ठीक निघाला. मग वजनकाट्यावर संशय घेतला. माझ्या हट्टापायी त्यावर साखरेची पोती चढवून पाहिली. तोही ठीक. म्हणजे माझे दोन्ही तर्क फसले. तंत्रज्ञ आता मला बघितलं की जिन्याने वर निघून जातो.

तुझ्या कामात नाक खुपसत नाही. फक्त झालं ते सांगितलं.

मामा

१८ एप्रिल

मामा,

आज दुपारी मामीला फोन केला आहे, तोवर तुला कळलंच असेल. तरी सगळं लिहून पाठवते. कोणाला दाखवावं लागलं तर हाताशी असू दे.

तुझं पत्र सोमवारी आलं. खरं सांगू का, मी पुन्हा तेच उत्तर लिहायला बसले होते. अर्धं लिहूनही झालं. ‘मशीन थांबवणं आणि वीज जाणं या दोन्ही गोष्टी आम्ही स्वतंत्रपणे तपासल्या आहेत’ असं वाक्य लिहिलं, आणि त्यातल्या ‘स्वतंत्रपणे’ शब्दावर माझा हात थांबला. दोन्ही एकदम झालं तर? त्याची चाचणी आहे का, हे बघायला मी यादी उघडली.

होती. एकच होती. तिचं नाव ‘विरामात वीज गेल्यास मोजणी टिकते का’.

ती लहरी होती, मामा. आम्ही तिला इतके दिवस टोपणनावाने हाक मारत होतो की तिचं खरं नाव मी वाचलंच नव्हतं. ती मुलगी जाण्याआधी नेमकी हीच शंका लिहून गेली होती. आणि मी, शंकासुर, तिला गप्प बसवलं.

आज जेवणाच्या सुट्टीत सगळे खाली गेले तेव्हा मी ती एकटीच पुन्हा पुन्हा चालवत बसले. हिरवी, हिरवी, हिरवी, लाल. मग प्रोग्रामरला ओढून आणलं. कारण सापडायला तासभरसुद्धा लागला नाही. काढलेल्या पाण्याची मोजणी मशीन काही क्षणांनी एकदा पक्की लिहून ठेवतं. थांबवलं की जुनी नोंद पुसली जाते आणि नवी लिहिणं कधी कधी राहून जातं. त्याच वेळी वीज गेली, तर जागं झाल्यावर मशीनला वाटतं की अजून काहीच पाणी काढलेलं नाही. मग ते पुन्हा पहिल्यापासून, उरलेल्या वेळात, घाईघाईने सगळं काढायला लागतं. दोन लिटर आधीच काढलेल्या माणसाच्या अंगातून आणखी. आणि पडद्यावरचा आकडा शेवटपर्यंत बरोबर दिसतो, कारण तो पडदा तरी मशीनच्या आठवणीतलंच सांगणार.

मी साहेबांकडे गेले. त्यांनी विचारलं, “किती ठिकाणी झालं?”

“माझ्या कानावर दोन आलीत. एकाच केंद्रात.”

“हजारोंतून दोन. दोघं जिवंत आहेत ना?”

“हो, पण साहेब, गोळे आले तर लोक उन्हाला दोष देतात. तक्रार येणारच नाही.”

“दुरुस्ती पुढच्या आवृत्तीत घालू. केंद्रांना सूचना पाठवायची तर आधी वकिलांनी वाचायला हवी. दोन-तीन आठवडे.” मग जरा थांबून म्हणाले, “सही तुझी आहे, विसरू नकोस.”

मी थांबणार नाही. म्हणून मामीला फोन केला. म्हटलं, मास्तरांना निरोप दे, शिंपीणबाईंना, सगळ्यांना. मशीन थांबवलेलं असताना दिवे गेले, तर पुढे चालू देऊ नका. सिस्टरला म्हणावं सरळ बंद करा. मामी “बरं” म्हणाली आणि मग काही बोललीच नाही. मला वाटलं लाईन गेली. नंतर लांबून भांडं पडल्यासारखा आवाज आला.

तू हे वाचशील तेव्हा निरोप पोचलेला असेल. नुसतं ‘पोचला’ एवढं एका ओळीत कळव.

शंकासुर

२४ एप्रिल

बाळ,

मी मामी लिहितेय. मला तुमच्यासारखं सजवून लिहिता येत नाही, झालं तसं सांगते.

मास्तर असा कोणी नाही. मास्तर म्हणजे तुझे मामा. दीड वर्ष झालं. मी सांगायचं म्हणत होते, यांनी शपथ घातली. आईच्या वेळी तू नोकरी सोडून दवाखान्याच्या बाकावर बसून होतीस, ते यांनी पाहिलं होतं. पुन्हा तिला त्या बाकावर नको, म्हणाले. मग तुझं पत्र आलं की तू तेच मशीन तपासतेस. मी म्हटलं, आता तरी सांगा. तर म्हणाले, “आता तर मुळीच नाही. तिचा हात कापेल.”

तुझा फोन आला तेव्हा ते तिथेच होते. बुधवार त्यांचा दिवस. मी गॅसवरचं तसंच टाकून धावले. बाजाराच्या गल्लीत दिवे नव्हते. जिना कसा चढले मला ठाऊक नाही. वर जनरेटर चालू होता, सगळं शांत, सगळे आपापल्या खुर्चीत. मी सिस्टरला ओरडून विचारलं, “दिवे गेले तेव्हा कुणाचं थांबवलं होतं?” तिला आधी कळेचना. मग म्हणाली, “दोन आणि तीन. दोघांच्या नळ्या तपासत होते.”

मी यांच्या खुर्चीशी उभी होते, म्हणून तिने आधी यांचं बंद केलं. हे डोळे मोठे करून माझ्याकडे बघत राहिले. अंग गार, ओठ पांढरे, पण शुद्धीत होते. मग ती तिसऱ्या खुर्चीकडे वळली. शिंपीणबाईंना वॉर्डातून सोडून दोनच दिवस झाले होते. डोळे मिटून पडल्या होत्या. सगळ्यांना वाटलं, झोप लागलीय. मशीन आवाज करत नाही ना.

संध्याकाळी गेल्या. सून आली होती. जिची नक्कल करायच्या ती. जिन्यात बसून इतकी रडली की कुणाला आवरेना.

मला रोज वाटतं, मी दोन खुर्च्यांच्या मध्ये उभी राहिले असते तर.

तुला मी दोष देत नाही. देत नाही असं लिहिलं की दिल्यासारखंच वाटतं, म्हणून खोडणार होते, पण राहू दे.

हे शनिवारी पुन्हा गेले, त्याच खुर्चीत बसले. दुसरं केंद्र फार लांब आहे आणि तिथे जागा नाही. जायचं नाही म्हटलं तर आठवडा निघायचा नाही. सिस्टर आता हातात कागद-पेन्सिल घेऊन, किती पाणी निघालं ते टिपत शेजारी उभी राहते. मी पण उभी राहते.

मामी

२९ एप्रिल

मामा,

तुझ्यावर मी किती रागावले आहे ते समोर आल्यावर सांगेन. बॅग भरून ठेवली होती. तिकीटही काढलं होतं. मग विचार केला की मी निघाले तर दुरुस्त केलेली आवृत्ती दुसरं कुणीतरी तपासेल आणि पास करेल. बॅग तशीच दाराशी आहे.

मामीचं पत्र मी साहेबांच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी ते पूर्ण वाचलं. चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि म्हणाले, “हे आपल्या फाईलमध्ये ठेवता येणार नाही.” मी म्हटलं, “आरोग्य खात्याला मी सकाळीच पाठवलंय.” तेव्हापासून ते माझ्याशी बोलत नाहीत. पण त्याच दिवशी सगळ्या केंद्रांना सूचना गेली. वकिलांना एक तास पुरला.

आता ऐक. दुरुस्ती दोन दिवसांत झाली. मोजणी टिकते. त्या मुलीची चाचणी आता कितीही वेळा चालवली तरी हिरवी. सगळे माझ्या सहीसाठी खोळंबले होते. मी आणखी एक दिवस मागितला आणि त्या दिवशी सापडलं की त्या दुरुस्तीमुळे, वीज आल्यानंतर थोडा वेळ धोक्याची घंटाच वाजत नाही. एक भोक बुजवताना दुसरं पडलं. परत पाठवली. परत आली. आता पुन्हा तपासतेय.

कुठे थांबायचं हे तुला आता विचारत नाही. एक दिवस जास्त तपासलं, तर तो दिवस तू आणि तुझ्यासारखे कितीतरी जण जुन्या डोक्याच्या मशीनखाली काढता, पेन्सिलवर भरवसा ठेवून. एक दिवस कमी तपासलं, तर न सापडलेलं काहीतरी मीच तुमच्याकडे पाठवून देते. दोन्हीकडे तूच बसलेला दिसतोस. बरोबर आकडा सांगणारं पुस्तक नाही.

मला भीती वेगळ्याच गोष्टीची वाटते. त्या खुर्चीत तू नसतास, खरोखरच कुणी मास्तर असते, तर मी ते अर्धं लिहिलेलं उत्तर पूर्ण करून पेटीत टाकलं असतं का? रोज सकाळी पडद्यावरचा हिरवा रंग बघते आणि हेच विचारते. आता यादीत एकही चाचणी गप्प बसवलेली नाही. एकीलाही टोपणनाव नाही.

शिंपीणबाईंचं खरं नाव मला कळव. मामीला माहीत असेल.

तुझी,
भाची

१४ मे

शंकासुरे,

नाव मामीने वेगळ्या चिठ्ठीवर लिहून दिलंय, सोबत आहे.

तुझी नवी आवृत्ती आज सकाळी सहाही मशीनांवर चढली. हे मी दुसऱ्या खुर्चीतूनच लिहितोय, आता लपवायचं काय? तू आलीस की रागाव, मला ऐकू येणार नाही ते बरंच आहे.

सिस्टरने विचारलं, “पहिलं कोण बसतं?” मला ते तिच्या ओठांवरून कळलं. सगळे आपापल्या चपलांकडे बघायला लागले. मी बसलो. फार शूर आहे म्हणून नव्हे. तुझी सही मी तुझ्या पहिलीच्या पाटीपासून ओळखतो, घाईची कुठली आणि विचार करून केलेली कुठली ते मला कळतं, म्हणून.

तास-दीड तास काही झालं नाही. मग सिस्टरने नळी बघायला मशीन थांबवलं आणि दिवे गेले. कुणी मुद्दाम घालवले नव्हते, आमच्याकडे जातातच. मला ऐकू काहीच येत नव्हतं, पण खोलीतला प्रत्येक माणूस माझ्या पडद्याकडे बघतोय हे कळत होतं. मामीने माझा उजवा हात इतका आवळला की बोटं बधिर झाली. पडदा काळा. मग उजळला. घंटेचा दिवा लाल लुकलुकला, म्हणजे घंटा वाजली असणार. मग आकडा आला. सिस्टरने कागदावरचा आकडा त्याच्याशेजारी धरला.

तोच होता.

सगळे एकदम बोलायला लागले, तोंडं हलताना दिसली. मामी रडत होती. सिस्टरने माझ्या खांद्यावर थाप मारली, मग स्वतःच दचकली आणि कागदावर पुढचा आकडा लिहायला लागली. तिने कागद टाकलेला नाही. मीही टाकू नकोस म्हणून सांगितलंय.

तिसऱ्या खुर्चीत आता एक गाडीवान बसतो. तरुण आहे, लग्न ठरलेलं आहे. मागचं त्याला कोणी सांगितलं नसावं, पण खोलीत काहीतरी शिजतंय एवढं त्याने ओळखलं होतं. मला ऐकू येत नाही हे कळल्यावर त्याने वर्तमानपत्राच्या कडेला लिहिलं आणि पान माझ्यापुढे धरलं, ‘काका, मशीनचं आता सगळं ठीक आहे ना?’

मी पेन हातात घेतलं. सगळे वाट बघत होते, मामीसुद्धा. ‘हो’ लिहिलं असतं तर तो पोर निवांत झोपला असता. मी एका बोटाने पडद्यावरचा तो एक आकडा दाखवला आणि लिहिलं, ‘एवढं ठीक आहे.’

त्याने वाचलं, माझ्याकडे बघितलं, मग मशीनकडे. झोपला नाही. तासभर आकड्याकडे टक लावून बसला होता.

तुझा,
मामा